दुसरी पुकार

साक्ष संपली की सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं. त्या शनिवारी दुपारी शीलवंत आपली साक्ष देऊन सतरंजीवर खाली बसला, स्वतःच आमेन म्हणाला, आणि दुसऱ्या कोणाच्याही तोंडून ते निघालं नाही. त्याच्या आईचं, पुष्पलताबाईंचं, तोंड सवयीनं उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

खरं सांगायचं तर चूक त्याच्या वडलांची, मधुकररावांचीच. नोव्हेंबरातला हा दिवस रणपिशांच्या घरी नाताळाच्या खालोखाल मोठा. मधुकररावांचे वडील अण्णा याच दिवशी जालन्याला बाप्तिस्मा घेऊन घरादाराला मुकले होते आणि मिशनबरोबर नागपूरला आले होते. अण्णा गेले, प्रताप नगरात नवं घर झालं, पण या दिवसाची उपकारस्तुती चुकली नाही. बाहेरचं कोणी बोलवायचं नाही, फक्त घरचे. आधी गाणं, मग एकेकानं उभं राहून वर्षभरात देवानं आपलं काय भलं केलं त्याची साक्ष, आणि शेवटी मटण-पुलाव. अण्णांचा नियम एकच होता: एरवी खोटं बोललात तर कान उपटीन, साक्षीत बोललात तर घरातून काढीन. शीलवंत लहानपणापासून आपलं आटोपशीर बोलायचा. देवानं तब्येत चांगली ठेवली, नोकरी चालू आहे, आमेन. यंदाही तेवढंच बोलून तो बसत होता, पण मधुकररावांना आनंद आवरेना.

"असं उरकू नको गा," ते म्हणाले. "मागच्या रविवारी चर्चमध्ये तुझ्या लग्नाची पहिली पुकार झाली. सुहासिनीसारखी पोट्टी मिळाली. त्याची साक्ष दे ना! की लाजून राहिला?"

अर्धा बसलेला शीलवंत पुन्हा उभा राहिला. एकोणतीस वर्षांचा माणूस, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायचा, आवाज म्हणून कधी चढला नाही त्याचा. आताही चढला नाही.

"बाबा, साक्षीत खोटं बोलता येत नाही," तो म्हणाला. "मले पोरींबद्दल तसं काही वाटत नाही. कधीच वाटलं नाही. मले पुरुषांबद्दल वाटते. लय प्रार्थना केली, उपास केले, नाही गेलं ते. सुहासिनीशी लग्न केलं तर मी तिले फसवीन. मी ते लग्न करू शकत नाही. आमेन."

आणि बसला.

मधुकरराव हसत होते ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. आपण काय ऐकलं ते अजून त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. सगळ्यात आधी कळलं ते रुपरावांना, म्हणजे जावयांना. त्यांनी पटकन उठून रस्त्याकडची खिडकी लावली. त्यांची बायको प्रेमिला, शीलवंताची मोठी बहीण, "म्हणजे काय?" असं तीनदा म्हणाली आणि चौथ्यांदा रडायला लागली. मधुकररावांच्या थोरल्या बहिणीनं, कुसुमताईंनी, मांडीवरचं बायबल मिटून बाजूला ठेवलं.

अशा वेळी काय करायचं हे रणपिशांना एकच ठाऊक. मधुकरराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, "प्रार्थना करू." सगळ्यांनी माना खाली घातल्या.

आता या घरच्या प्रार्थनेची एक गंमत सांगायला हवी. समोरासमोर जे बोलायची छाती होत नाही ते इथं माणसं देवाला सांगतात, आणि ज्याला ऐकवायचं तो शेजारीच बसलेला असतो. मधे कोणी तोंड घालू शकत नाही. आमेन होईस्तोवर निमूट ऐकून घ्यावं लागतं. या घरातली निम्मी भांडणं अशी देवाच्या कानावर घालूनच झालेली.

"हे परमदयाळू पित्या," रुपरावांनी सुरुवात केली. ते कामठीच्या मिशन शाळेत मास्तर होते. देवालासुद्धा वर्गात शिकवल्यासारखं समजावून सांगायचे. "तरुणांच्या मनात सैतान नाना विचार पेरतो हे तू जाणतोस. विवाहाच्या पवित्र बंधनात असे विचार आपोआप गळून पडतात हेही तू जाणतोस. या घराण्याची अब्रू राख. उद्याची दुसरी पुकार निर्विघ्न पार पाड. ज्यांच्या मनात पुत्रप्रेमामुळं दुबळेपणा येण्याचा संभव आहे, त्यांना बळ दे."

हे पुष्पलताबाईंसाठी होतं. त्यांना ते कळलं.

मग प्रेमिला. "प्रभू, माझा भाऊ कधी कोणाच्या वाटेला गेला नाही, त्याला सांभाळ, त्याला एकटं टाकू नको..." इथवर ती आली आणि शेजारी रुपरावांनी घसा खाकरला. प्रेमिलाची गाडी तिथंच रूळ बदलून गेली. "आणि माझ्या दोन पोरींची लग्नं व्हायची आहेत, प्रभू, तुला माहीत आहे. लोक काय म्हणतील ते तुला माहीत आहे. भावाला सुबुद्धी दे."

पुष्पलताबाईंनी प्रार्थनेत डोळे उघडले. लहानपणी बोर्डिंगात असताना उघडले असतील तेवढेच, त्यानंतर आजच. सगळ्यांच्या माना खाली होत्या, एकट्या शीलवंताची वर. तो आईकडेच बघत होता. काही मागत नव्हता, नुसता बघत होता. पुष्पलताबाईंनीच आधी डोळे मिटले, आणि मिटल्याबरोबर त्यांना स्वतःची लाज वाटली.

कुसुमताईंची पाळी आली. एरवी त्यांची प्रार्थना सुरू झाली की चुलीवरचा भात करपायचा. आज त्या म्हणाल्या, "प्रभू, दया कर. आमेन." संपलं.

पुलाव होता, तो काही टाकता येत नाही. सगळे जेवले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. हाडं चोखल्याचा आवाज तेवढा येत होता. हात धुतल्यावर मधुकररावांनी आपला निकाल सांगितला.

"ही गोष्ट या खोलीच्या बाहेर जाणार नाही," ते म्हणाले. "उद्या दुसरी पुकार होईल, पुढच्या रविवारी तिसरी, मग लग्न. शीलवंता, तू आज काही बोलला नाहीस, आम्ही काही ऐकलं नाही."

"बाबा, मी बोललो."

"मग हेही ऐकून घे. पुकार थांबली तर या घरात तू नाही. मी चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी आहे. वीस वर्षं त्या दारात उभा राहून लोकांचे हात हातात घेतले. आता कोणत्या तोंडानं उभा राहू सांग?" ते रागावले होते हे खरं, पण रागापेक्षा भ्याले जास्त होते, आणि बायको म्हणून पुष्पलताबाईंना ते दिसत होतं.

पुकार म्हणजे काय ते चर्चच्या साऱ्या मंडळीला ठाऊक. लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब भर उपासनेत नवऱ्या-नवरीचं नाव वाचतात आणि विचारतात, या विवाहास कोणाची हरकत आहे काय? असल्यास आताच सांगावी. विचारायचं म्हणून विचारतात. कोणी उठल्याचं कोणाच्या बापानं पाहिलं नव्हतं.

"मामांचं बरोबर आहे," रुपराव म्हणाले. "लग्न झालं की माणूस मार्गाले लागते. आणि पोरीकडून विचारायले येणार कोण? मिशनच्या बोर्डिंगात वाढली. ना आई ना बाप."

हे ते धीर द्यायला म्हणाले. पण पुष्पलताबाईंना ते लागलं. त्याही बोर्डिंगातच वाढल्या होत्या. त्यांच्या लग्नातही विचारायला कोणी आलं नव्हतं. नशीब म्हणून मधुकरराव चांगले निघाले; नसते निघाले तर?

त्यांनी भांडी उचलली आणि मागच्या अंगणात नळाखाली नेऊन टाकली.

शीलवंत मागोमाग आला आणि पाटावर बसून राख घेऊन पातेलं घासायला लागला. लहानपणापासून त्याला ही सवय. शेजारणी म्हणत, पोट्टं आईचं लाडकं आहे. पुष्पलताबाईंना वाटलं, त्यावरून आपल्याला काही कळायला हवं होतं का? मग वाटलं, छे, भांडी तर अण्णाही घासत.

"तुले काहून नाही सांगता आलं आधी?" त्यांनी विचारलं. "पहिल्या पुकारीच्या आधी? मले तरी सांगायचं."

"काय म्हणून सांगू आई? त्याले आपल्यात शब्दच नाही. जो आहे तो शिवी आहे." त्यानं पातेलं पालथं घातलं. "बाबांनी जमवलं, तू खूश झाली, म्हटलं निभावून नेऊ. मग त्या दिवशी पाळकसाहेबांनी माझं नाव आणि तिचं नाव एकत्र वाचलं. ती बायकांच्या बाजूनं मागं वळून हसली माझ्याकडे. इतकी सरळ हसली ना आई, तेव्हापासून घास उतरत नाही."

"कोणी आहे का तुझं?" हा प्रश्न तोंडातून गेल्यावर पुष्पलताबाईंना स्वतःचंच नवल वाटलं. असलं काही आपण पोराला विचारू असं त्यांना कोणी सकाळी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

"होता. त्याचं लग्न झालं. बायको माहेरी असते त्याची, वर्षातून अकरा महिने." मग तो म्हणाला, "बाबांनी काढलं तर जाईन मी. खोली मिळते रामदासपेठेत. पण तू येऊ नको सोडायले. मले नाही सहन होणार."

पुष्पलताबाईंनी हातातली कढई इतकी घासली की हाताला झोंबलं. रडू येत होतं, पण रडायचं कशासाठी तेच ठरत नव्हतं. मुलगा जाईल म्हणून? सून येणार नाही म्हणून? आणि आपण जन्मभर ज्याला पाप म्हणत आलो ते हेच, हे राखेनं काळ्या झालेल्या बोटांचं पोट्टं?

स्वैपाकघरात कुसुमताई उरलेला पुलाव डब्यात काढत होत्या. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या त्या, नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायच्या. बोलायला फटकळ, उपासनेला सगळ्यांच्या आधी. पुष्पलताबाईंना वाटलं, आता यांचं ऐकून घ्यावं लागणार. लग्न करून टाक म्हणतील, नाही तर हाकलून दे म्हणतील.

"पुष्पा, दार लोट," कुसुमताई म्हणाल्या. "हे लग्न होऊ देऊ नको."

पुष्पलताबाईंनी दार लोटलं.

"तो जे म्हणते ते पापच आहे. मी पाप म्हणते आणि मरेपर्यंत म्हणीन, मले समजवायले येऊ नको. त्याचा आणि देवाचा हिशेब ते दोघं पाहून घेतील. पण त्या पोरीनं काय केलं?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसेना, पुन्हा काढलं. "माझा नवरा, तुमचे भाऊजी, आठवतात का तुले?"

"हौ ना. देवमाणूस होते."

"देवमाणूसच होता. नऊ वर्षांत मले हात लावला नाही मारायले, आणि तसाही नाही लावला. एका धर्मशाळेत दोन पाहुणे राहतात तसे राहिलो आम्ही. का, ते मले त्यानं कधी सांगितलं नाही. मी समजत होती माझ्यातच काही खोट आहे. आरशासमोर उभी राहून पाहत होती वं, वेड्यासारखी! आणि दर बुधवारी बायकांच्या सभेत माझं नाव घेऊन प्रार्थना व्हायची. कुसुमावतीची कूस उघड, प्रभू. सगळ्या बायका आमेन म्हणायच्या. मीही डोळे मिटून आमेन म्हणत होती."

पुष्पलताबाईंना ते बुधवार आठवले. त्या सभेत त्याही असायच्या. आमेन म्हणणाऱ्यांत त्यांचाही आवाज होता. पंचवीस वर्षं एका घरात राहून या बाईनं कधी अक्षर काढलं नव्हतं.

"ताई, तुम्ही मले कधी..."

"कायले सांगायचं? मेलेल्या माणसाची अब्रू काढायची?" कुसुमताईंनी डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत पाणी नव्हतंच, ते केव्हाच आटलं असणार. "तुझं पोट्टं निदान तोंडानं बोललं. माझा नवरा नाही बोलला. आता तुम्ही सगळे मिळून त्याचं तोंड दाबा आणि एक पोरगी अजून बसवा आरशासमोर. पाहीन मी."

संध्याकाळी मधुकरराव ओसरीवर बूट पुसत बसले. दर शनिवारी साऱ्या घराचे बूट-चपला तेच पुसायचे, उद्याच्या उपासनेसाठी. पुष्पलताबाई चहा घेऊन गेल्या आणि समोर बसल्या.

"अहो, पाळकसाहेबांकडे जाऊन या. गुपचूप सांगा, नावं वाचू नका म्हणून. बभ्रा होणार नाही."

"आणि कारण विचारलं तर?"

"पोराचं मन नाही म्हणा. तेही खरंच आहे."

"मन!" मधुकरराव म्हणाले. "मनाचं काय घेऊन बसलीस? मी सांगितलं ते शेवटचं. पुकार थांबली तर तो माझा कोणी नाही."

पुष्पलताबाईंनी पदर सारखा केला. नवऱ्याला उलटून बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि त्यामुळं जे बोलल्या ते फार हळू आवाजात बोलल्या.

"अण्णांच्या आईनं जिवंत पोराचं क्रियाकर्म करून घागर फोडली. दरवर्षी आजच्या दिवशी ती गोष्ट सांगता तुम्ही. म्हणता, कसं काळीज असेल त्या बाईचं. अहो, तिलेही वाटलं होतं, आपण धर्म राखून राहिलो म्हणून."

"ते वेगळं होतं. अण्णा सत्यासाठी गेले."

"मग आज पोरानं काय सांगितलं? खोटं?"

मधुकरराव ब्रश फिरवत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की हातात आहे तो शीलवंताचा बूट आहे. त्यांनी तो अर्धा पुसलेलाच खाली ठेवला.

"तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगीन," पुष्पलताबाई म्हणाल्या. "उद्या. विचारतील तेव्हा."

मधुकररावांना हसू आलं, खरंच आलं. "तू? बायकांच्या सभेत चहा झाला म्हणून सांगायचं असते, तर दुसरीले पाठवतेस. तू साऱ्या मंडळीसमोर उठणार?"

तेही काही खोटं नव्हतं.

रविवारी सकाळी पुष्पलताबाई कुसुमताईंना घेऊन सायकलरिक्षानं सगळ्यांच्या आधी निघाल्या. सुहासिनी रात्रपाळी करून सरळ चर्चला यायची, फाटकाशी भेटायची. उंच, सावळी मुलगी, पांढऱ्या साडीवर निळा स्वेटर. होणाऱ्या सासूला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला, तर पुष्पलताबाईंना भडभडून आलं. ही सून त्यांना मनापासून आवडली होती. त्यांनी तिला बाजूला नेलं आणि जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. शीलवंताचं मन नाही. एकट्या तुझ्यावरच नाही असं नाही बाई, कोणत्याच पोरीवर नाही. तुझ्यात काडीचीही खोट नाही. आज मी हरकत घेणार आहे.

सुहासिनीचा चेहरा उतरला. पण ती नर्स होती, अर्धं बोललेलं पुरं समजायची सवय होती तिला.

"दोनदा भेटलो आम्ही," ती म्हणाली. "दोन्ही वेळा ते माझ्याशी इतके चांगले बोलले, आणि घरी गेल्यावर मले रडू आलं. काहून ते मलेच समजलं नाही." तिनं नाक ओढलं. "मावशी, लग्न ठरलं तेव्हा मले कोणी विचारलंच नाही, तुझ्या मनात काय आहे म्हणून. आईबाप नाहीत ना. आज तुम्ही येऊन सांगितलं. उठा तुम्ही. मी बसते तुमच्या बाजूले."

चर्चमध्ये बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. मधुकरराव पुढच्या बाकावर, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. रुपराव त्यांच्याजवळ. शीलवंत मागे, भिंतीला लागून एकटा. दोन गाणी झाली, शास्त्रवाचन झालं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि नावं वाचली. शीलवंत मधुकर रणपिसे. कुमारी सुहासिनी. दुसऱ्या वेळेची पुकार. या विवाहास कोणाची हरकत आहे काय? असल्यास आताच सांगावी.

पुष्पलताबाईंचे पाय उठेनात. मधुकररावांची पाठ समोर दिसत होती. त्या पाठीवर छत्तीस वर्षं त्यांनी तेल चोळलं होतं, तापात शेक दिला होता. आता जे बोलू ते याच पाठीवर जाऊन पडणार, हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना त्या माणसाची दया येत होती. पाळकसाहेबांनी पुढचं पान उलटायला हात घातला.

"हरकत आहे," पुष्पलताबाई म्हणाल्या. म्हणाल्या बसूनच. मग बाकाला धरून उभ्या राहिल्या.

सगळं चर्च वळलं. मधुकरराव तेवढे वळले नाहीत.

"कोणाची?" पाळकसाहेबांना खरंच काही सुचेना.

"माझी. शीलवंताच्या आईची. त्याच्या मनात लग्न नाही. आम्ही त्याले न विचारता जमवलं, आणि सुहासिनीलेही विचारलं नाही. तिचा काही दोष नाही, हे सगळ्यांनी ऐकून ठेवा. उद्या कोणी तिच्यात खोट काढली तर मी ऐकून घेणार नाही. चूक आमच्या घराची आहे."

पाळकसाहेबांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. "शीलवंत, आई म्हणते ते खरं आहे?"

"खरं आहे," शीलवंत उभा राहून म्हणाला.

"तर ही पुकार मागे घेण्यात येत आहे," पाळकसाहेब म्हणाले, आणि घाईघाईनं गाणं सांगितलं. पेटीवाल्यानं भलताच सूर धरला, अर्धी मंडळी एका चालीत, अर्धी दुसऱ्या. पुष्पलताबाई धपकन खाली बसल्या. सुहासिनीनं त्यांचा हात हातात घेतला आणि नाडी बघावी तसा धरून ठेवला.

उपासना संपली की पाळकसाहेब आणि सेक्रेटरी दारात उभे राहतात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, प्रभू तुमच्याबरोबर असो म्हणायचं. लहान-मोठा, गरीब-श्रीमंत, कोणाला सोडायचं नाही. मधुकररावांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, पण ते उभे होते. लोक मुद्दाम हळू चालत होते. प्रेमिला डोळे पुसत बापाच्या हातात हात देऊन गेली. मागं वळून भावाकडे आली, त्याच्या स्वेटरला लागलेला भिंतीचा चुना झटकला आणि रुपराव हाक मारताहेत हे ऐकू येत असूनही दोनदा झटकला.

पुष्पलताबाई शीलवंताला घेऊन रांगेत लागल्या. त्यांच्या मागे कुसुमताई. मधुकररावांनी बायकोचा हात घेतला, तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत प्रभू तुमच्याबरोबर असो म्हणाले, आणि सोडला. मग शीलवंतानं हात पुढे केला.

मधुकररावांचा हात कोटाच्या बाजूला तसाच राहिला. पाळकसाहेब छताकडे बघायला लागले. मागची रांग थांबली, कोणी कोणाच्या पायावर पाय दिला. शीलवंतानं हात मागे घेतला नाही. पुष्पलताबाईंना वाटलं, आता हा हात खाली गेला तर पुन्हा कधी वर यायचा नाही.

"मधू, मागं लोक उभे आहेत गा," कुसुमताई म्हणाल्या. आवाज मेट्रनचा, पार वेदीपर्यंत गेला. "एक तर हात दे, नाही तर काहून देत नाही ते सांग सगळ्यांले."

मधुकररावांनी बहिणीकडे पाहिलं. रांगेकडे पाहिलं. शेवटी मुलाकडे पाहिलं, कालपासून पहिल्यांदाच. त्यांनी हात दिला. तोंडातून काही निघालं नाही, दारात म्हणायचं ते वाक्यसुद्धा नाही. पण हात घेतला तो बाकीच्यांचा सोडत होते तितक्या लवकर सोडला नाही.

"अहो," पुष्पलताबाई म्हणाल्या, "आटपून लवकर या. जाऊन चौघांची ताटं वाढते."

मधुकरराव हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. ते पुढं कुसुमताईंकडे वळले आणि त्यांचा हात हातात घेतला. पुष्पलताबाई शीलवंताला म्हणाल्या, "उभा काय राहिलास? रिक्षा पाहा," आणि तो पायऱ्या उतरून गेल्यावर मग त्या तिथंच खांबाला धरून रडल्या.